पायाखालची पेटी

गायकाचा माइक आणि ॲकॉस्टिक गिटारची केबल एकाच पेटीत घेऊन, दोन्ही आवाजांवर वेगवेगळी प्रक्रिया करून ते पुढे मिक्सरकडे सोडणारे यंत्र म्हणजे गायन-गिटार इफेक्ट्स प्रोसेसर. बॉसचे व्हीई-८ किंवा टीसी-हेलिकॉनचे प्ले ॲकॉस्टिक ही याच जातीची यंत्रे. पायाने दाबायची बटणे, आवाजाला खोली देणारा रिव्हर्ब, डिले, चढउतार आवरणारा कॉम्प्रेसर, सूर ओढून जागेवर आणणारे पिच करेक्शन, गायकाच्याच आवाजातून दुसरा-तिसरा आवाज काढणारी हार्मनी आणि वाजवलेला तुकडा धरून फिरवत ठेवणारा लूपर असा सगळा संसार त्यात असतो. ही यंत्रे घडली ती मंचावर एकट्याने गाणाऱ्यासाठी. नाशिक रोडच्या पलीकडे, एकलहऱ्याच्या वीज केंद्राच्या वसाहतीत, दोन खोल्यांच्या घरात बसून मराठी गीताला चाल लावणाऱ्याची गरज निराळी. त्याने असे यंत्र घ्यावे का, आणि घ्यायचे तर काय पाहून घ्यावे, यावर दोन मते संभवतात. त्यांतले एक शंकेखोराचे, दुसरे हौशीचे.

शंकेखोर : गीत करायला शब्द लागतात, चाल लागते आणि ती चाल दुसऱ्याच्या गळ्यात बसेल असा सोपेपणा लागतो. यांपैकी एकही गोष्ट या पेटीत नाही. याच जिल्ह्यात सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत १९२२ साली वामनदादा कर्डक जन्मले. त्यांनी हजारो गीते लिहिली, स्वतः गायली आणि ती गावोगावच्या गायन पार्ट्यांनी उचलली. ती टिकली कारण पेटी-ढोलकी असो वा नसो, चार माणसे टाळी धरून ती म्हणू शकत होती. गीताची कसोटी हीच. प्रोसेसर ही कसोटी लांबणीवर टाकतो. रिव्हर्ब चढवला की अर्धवट ओळही भारदस्त वाटते. भजनी मंडळात साऊंडवाल्याने इको वाढवला की गाणारा खूश होतो आणि मागे बसलेल्याला शब्द कळेनासे होतात, तोच हा प्रकार. लांब शेपटीच्या रिव्हर्बमध्ये एका अक्षराचा स्वर पुढच्या अक्षराच्या व्यंजनावर सांडतो. ‘ग’ आणि ‘घ’, ‘ड’ आणि ‘ढ’ यांतला श्वासाचा फरक सगळ्यात आधी पुसला जातो. शब्द नीट बसले आहेत की नाहीत हे ज्याला तपासायचे आहे, त्याने शब्द झाकणारे यंत्र विकत घ्यावे, यात तर्क कोणता?

हौशी : इको चढवून गाणारा स्वतःला फसवतो, हे मान्य. पण तो दोष बटण किती फिरवले त्याचा. प्री-डिलेची सोय असलेल्या यंत्रात मूळ आवाज आणि त्याचा पडसाद यांत तीसेक मिलिसेकंदांचे अंतर ठेवता येते. व्यंजन आधी कोरडे ऐकू येते आणि रिव्हर्ब त्याच्या मागून येतो. शिवाय गीत करणाऱ्याला या पेटीतली सर्वांत उपयोगी वस्तू रिव्हर्ब नव्हेच. ती आहे लूपर. चाल सुचते तेव्हा दोन्ही हात गिटारवर असतात आणि शब्द लिहायला एक हात हवा असतो. मुखड्याचे कॉर्ड लूपरमध्ये फिरत ठेवले की हात मोकळा होतो, ओळ दहा वेळा बदलून म्हणता येते आणि तालही सुटत नाही. हा लूपर म्हणजे गीतकाराची कच्ची वही.

त्याचे काम समजून घेण्यासारखे आहे. साध्या लूपरचे बटण एकदा दाबले की नोंद सुरू होते, दुसऱ्यांदा दाबले की नोंद संपून तोच तुकडा फिरू लागतो. यंत्र मात्रा मोजत नाही; दोन दाबांमधला काळ तेवढा त्याला कळतो. म्हणून आठ मात्रांचा केरवा असो की सात मात्रांचा रूपक, त्याला दोन्ही सारखेच. परीक्षा असते ती पायाची. दुसरा दाब नेमका समेवर पडावा लागतो. समेचा ठोका ऐकून मग पाय खाली आला, तर प्रत्येक आवर्तनाच्या शेवटी एक बारीक उचकी बसते आणि आठ-दहा फेऱ्यांनंतर तिच्याशिवाय दुसरे काही ऐकूच येत नाही. पाय समेबरोबर टाकायला शिकलेल्या माणसाची लय सुधारते, हा फायदा जाहिरातीत कुठे लिहिलेला नसतो.

शंकेखोर : लूपरच हवा असेल तर तेवढाच घ्यावा. टीसी इलेक्ट्रॉनिकच्या डिटोसारखा एका बटणाचा लूपर मुठीत मावतो आणि मोठ्या पेटीच्या तुलनेत पुष्कळ स्वस्त पडतो. मोठी पेटी साध्या गिटारीपेक्षाही महाग. आणि लूपरबद्दलही एक आक्षेप आहेच. मराठी भावगीताचा अंतरा मुखड्यापेक्षा वेगळ्या जागी उठतो. तो वर चढतो, थांबतो, पुन्हा ध्रुवपदाला येऊन मिळतो. चार कॉर्डचा तुकडा फिरत राहिला की अंतराही त्याच चार कॉर्डवर लिहिला जातो, कारण यंत्र थांबवून नवे वाजवण्याचा कंटाळा येतो. लूपरवर बनलेली पुष्कळ गाणी सुरू होतात तिथेच संपतात, त्यामागे हा आळस आहे. राहता राहिली नोंद. ती फोनवर होते.

हौशी : फोनवर होते, पण कशी होते ते ऐकावे. फोन आवाजाची पातळी आपोआप खाली-वर करतो. गिटारचा जोरदार फटका बसला की गळा मागे सरकतो, फटका ओसरला की खोलीतला पंखा पुढे येतो. कुठली ओळ हळू म्हटली आणि कुठली जोरात, हा गीताचा अर्धा अर्थ त्यात सपाट होतो. गळा आणि गिटार यांना वेगवेगळी वाट हवी. इथे या यंत्रांची खरी योग्यता दिसते, आणि निवड करताना पाहायचे तेही इथेच.

ॲकॉस्टिक गिटारच्या घोडीखाली बसवलेला पिझो पिकअप फार नाजूक विद्युत संदेश देतो. तो उच्च रोधाचा असल्याने समोरच्या यंत्राचा इनपुट साधारण एक मेगओहम किंवा अधिक हवा. तसा नसेल तर खर्ज गळतो आणि उरते ती पत्र्यासारखी कर्कश खणखण. साध्या मिक्सरच्या लाइन इनपुटमध्ये केबल खुपसल्यावर गिटार ‘प्लास्टिकची’ वाटते ती बहुधा यामुळे. प्रोसेसरचा गिटार इनपुट याच कामासाठी बनवलेला असतो. माइकचेही तसेच. १९६६ पासून चालत आलेला शुअर एसएम५८ हा डायनॅमिक माइक. त्याला वेगळी वीज लागत नाही, पण भरपूर गेन लागतो. कंडेन्सर माइकला ४८ व्होल्टची फँटम पॉवर लागते. ती पेटीत नसेल तर चांगला माइक घेऊनही तो मुका. ‘किती इफेक्ट आहेत’ हा प्रश्न दुकानात सगळे विचारतात. ‘गेन पूर्ण उघडल्यावर किती खरखर येते’ हा कोणी विचारत नाही, आणि विचारायचा असतो तो हाच.

इथवर आल्यावर विजेचा विषय निघणे अपरिहार्य आहे, आणि एकलहऱ्यात तर अधिकच. तिथल्या केंद्रात २१० मेगावॅटचे तीन संच आहेत. अशा संचाचे जनित्र मिनिटाला ३००० फेरे घेते आणि त्यातून ५० हर्ट्झची वीज निघते. तीच वारंवारता भिंतीतल्या वायरीतून अर्धवट झाकलेल्या केबलमध्ये आणि स्वस्त पिकअपमध्ये शिरते आणि स्पीकरमधून घूं ऐकू येते, तेच हमिंग. हा घूं पांढरी पाचच्या अगदी खालच्या सुराजवळचा आहे, पण तिथे बसत नाही. तो सूर ४९ हर्ट्झचा, त्यामुळे हमिंग त्याच्यापेक्षा अर्ध्या स्वराच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याने चढे. त्या पट्टीत गाणाऱ्याला तो सतत बोचतो.

शंकेखोर : आणि त्यावर इलाज म्हणून यंत्रातला एकच वारंवारता कापणारा नॉच फिल्टर, असेच ना? हमिंग फक्त ५० हर्ट्झवर नसते. त्याची दुप्पट, म्हणजे १०० हर्ट्झ, अनेकदा जास्त ऐकू येते. मोठ्या पोटाच्या गिटारच्या पोकळीचा स्वतःचा घुमारा याच परिसरात असतो. तिथे नॉच मारला की हमिंगबरोबर गिटारचे पोटही जाते. लोक मग ‘बॉडी रेझोनन्स’ नावाचा दुसरा इफेक्ट लावून ते पोट परत आणायला बघतात. एका बटणाने कापायचे आणि दुसऱ्याने चिकटवायचे, याला सोय म्हणवत नाही.

हौशी : हा आक्षेप खरा आहे. नॉच फिल्टर शिट्टीसाठी, म्हणजे स्पीकरचा आवाज गिटारमध्ये परत शिरून जो फीडबॅक होतो त्यासाठी. हमिंगचा इलाज अर्थिंगमध्ये आहे. सगळी यंत्रे एकाच बोर्डावर लावावीत, मिक्सरकडे बॅलन्स्ड एक्सएलआर केबल न्यावी, पेटीवर ग्राउंड लिफ्टचे बटण असेल तर ते वापरून पाहावे. प्लगची अर्थची पिन काढून टाकण्याचा जो उपाय कोणी ना कोणी सुचवतोच, तो जिवावरचा आहे. बॅटरीवर चालणारे यंत्र या बाबतीत सरस ठरते. बॉसची काही यंत्रे सहा पेन्सिल सेलवर चालतात. ॲडॅप्टरच्या वाटेने येणारे हमिंग त्यामुळे टळते आणि वीज गेली तरी लूप फिरत राहतो. ॲडॅप्टरचेही पाहून घ्यावे. बॉसला ९ व्होल्ट आणि मधली पिन ऋण लागते. दुसऱ्या कंपनीच्या पेटीला १२ व्होल्ट आणि मधली पिन धन लागू शकते. अमेरिकेतल्या नातलगाने आणलेल्या पेटीचा ॲडॅप्टर १२० व्होल्टपुरताच असेल, तर इथल्या २३० व्होल्टवर तो पहिल्याच संध्याकाळी जळतो.

(या टप्प्यावर दोघांमधले अंतर बरेच कमी झालेले दिसते. स्वच्छ प्रीॲम्प (नाजूक संदेश वाढवणारा इनपुटचा भाग), दोन स्वतंत्र वाटा, फँटम पॉवर, लूपर आणि विजेची शिस्त एवढ्यावर शंकेखोरालाही हरकत नाही. खरा वाद पेटीतल्या ‘हुशार’ भागाचा आहे.)

शंकेखोर : आतापर्यंत ज्याचे कौतुक झाले तो प्रीॲम्प आहे. इफेक्ट्स प्रोसेसर म्हणून जे विकले जाते ते पिच करेक्शन आणि हार्मनी. पिच करेक्शनजवळ बारा सुरांच्या समभाग सप्तकाचा नकाशा असतो. गळा दोन खुणांच्या मध्ये सापडला की यंत्र त्याला जवळच्या खुणेवर ओढते. तंबोऱ्याशी मिळवून लावलेला शुद्ध गंधार षड्जापासून सुमारे ३८६ सेंटवर (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) असतो. यंत्राचा गंधार ४०० वर. म्हणजे बरोबर लागलेला गंधार यंत्र १४ सेंटने बिघडवते आणि त्याला दुरुस्ती म्हणते. मींड घेतली तर तिच्या पायऱ्या होतात. मुरकी घेतली तर कुठला सूर धरावा हे त्याला ठरवता येत नाही. हार्मनीची गोष्ट याहून वाईट. भैरवावर आधारलेली चाल घेऊन, यंत्राला मेजर स्केल सांगून मध्यम लावावा. यंत्र वरचा तिसरा सूर म्हणून शुद्ध धैवत देते, आणि भैरवाचा धैवत कोमल आहे. स्वतःच्याच आवाजात वर्ज्य सूर ऐकणारा गीतकार पुढची ओळ कोणत्या रागात करील?

हौशी : गिटारच्या पडद्यांबद्दल मात्र तक्रार ऐकू आली नाही. ते पडदेही त्याच बारा समान भागांवर ठोकलेले आहेत. त्यावरचा गंधारही ४०० सेंटचाच. ज्याने गिटार हाती घेतली त्याने हा तह आधीच केलेला आहे. आणि तह पहिल्यांदाच होतो आहे असेही नाही. १९४० साली आकाशवाणीने हार्मोनियमवर बंदी घातली. कारणे हीच दिली जात: सूर ठरीव, मींड अशक्य, श्रुती गायब. ती बंदी सैल व्हायला १९७१ साल उजाडले. त्या तीन दशकांत महाराष्ट्रात पेटी थांबली का? ‘मानापमान’ रंगमंचावर आले १९११ मध्ये आणि त्याच्या चाली करणारे गोविंदराव टेंबे स्वतः नामांकित पेटीवादक. नाट्यसंगीताचा कान पेटी-ऑर्गनवर घडला, आणि त्याच नाट्यसंगीताला आज कोणी परके म्हणत नाही.

भैरवाच्या उदाहरणातही गोम आहे. यंत्राला मेजर स्केल सांगितले म्हणून ते चुकले. कॉर्डमागे जाणारी हार्मनी निवडली तर ते गिटार ऐकून सूर ठरवते. षड्ज सी धरला, मध्यमावर एफ मायनर वाजवला, तर वरचा सूर ए फ्लॅट मिळतो, म्हणजे कोमल धैवत. यंत्र चुकले असे वाटते तेव्हा पुष्कळदा हाताने एफ मेजर वाजवलेला असतो आणि चूक कॉर्डची असते. एकट्याने वाजवताना ती कानाआड होते. दुसरा आवाज शुद्ध धैवत लावून ती उघडी पाडतो. गीतकाराला असा टीकाकार घरी बसून मिळत असेल तर तो का नाकारावा?

शंकेखोर : टीकाकार बरोबर आहे, पण त्याची भाषा एकच आहे. एफ मायनरने धैवत सुधारला. कोमल ऋषभासाठी डी फ्लॅट मेजर लागेल, निषादासाठी आणखी काही. प्रत्येक सुराला कॉर्ड पुरवता पुरवता भैरवाची चाल कॉर्डच्या पायऱ्यांवरून चालू लागते. ऋषभावरचे आंदोलन कुठल्याही कॉर्डमध्ये मावत नाही. गिटारवर नुसता षड्ज-पंचम छेडत ठेवला, म्हणजे तिचा तंबोरा केला, की हार्मनीला मेजर-मायनर कळायला काही आधारच उरत नाही आणि यंत्र अंदाजाने सूर देते. आणि पेटीचा दाखला इथे लागू पडत नाही. हार्मोनियम गळ्याच्या शेजारी वाजते. तिचा गंधार चढा असला तरी गाणारा आपला गंधार लावायला मोकळा असतो. जाणकार गायकांनी पेटी साथीला घेऊन तेच केले. गिटारच्या पडद्याचेही तसेच: छेडलेला सूर क्षणात विरतो, गळा त्याच्या आजूबाजूने जातो. पिच करेक्शन गळ्याच्या आत बसते. ऑटो-ट्यून १९९७ मध्ये आले. वर्षभरात शेरच्या ‘बिलीव्ह’ या गाण्यात ते मुद्दाम कमाल वेगावर ठेवून आवाजाचा सूर करवतीसारखा तुटक केला गेला. ते प्रामाणिक होते, कारण लपवलेले नव्हते. लपवलेली दुरुस्ती जास्त धोक्याची. तिच्यामुळे आपला सूर कुठे गेला होता हे गाणाऱ्याला कधीच कळत नाही.

हौशी : तर मग निवडीची अट स्पष्ट झाली. प्रत्येक इफेक्ट वेगळा बंद करता यायला हवा आणि बंद म्हणजे खरोखर बंद हवा. पिच करेक्शन आणि हार्मनी यांना स्वतंत्र बटणे हवीत. रिव्हर्ब एका बटणात हार्मनीशी बांधलेला असेल तर ती पेटी गीत करणाऱ्याच्या कामाची नाही, मग ती मंचावर कितीही शोभो. लूपमध्ये फक्त गिटार घ्यायची की गळाही, हे ठरवता यायला हवे. नाहीतर मुखडा गाताना घेतलेला श्वासही फिरत राहतो. मेमरीचे कप्पे पन्नास आहेत की शंभर, याने काही बिघडत नाही. आणि गळ्याचा कोरडा आवाज व इफेक्टचा आवाज निरनिराळा नोंदवता येत असेल तर वादच मिटतो. गाताना कानात काहीही असो, उद्या सकाळी कोरडी नोंद ऐकून ओळ तपासता येते.

शंकेखोर : वाद तिथेच सुरू होतो. कोरडी नोंद कोरडी नसते. हेडफोनमध्ये लांब रिव्हर्ब असेल तर गाणारा शेवटचा स्वर लांबवतो, दोन ओळींत जास्त थांबतो, लय उतरवतो, कारण पडसाद संपण्याची वाट पाहणे गळ्याला सुखाचे वाटते. कॉम्प्रेसर असेल तर तो हळू म्हणायचे धाडस करतो, कारण हळू म्हटलेलेही मोठे ऐकू येते. हार्मनी असेल तर तो तान टाळतो, कारण तानेत ती हार्मनी फाटते. हे सगळे कोरड्या नोंदीत उतरलेले असते. फक्त त्याचे कारण तिथे ऐकू येत नाही. चाल यंत्रापुढे वाकली आहे की स्वतःहून तशी आहे, हे सकाळी कशावरून ओळखायचे?

हौशी : कशावरूनही नाही, आणि यंत्र नसतानाही ते ओळखता येत नव्हते. वसाहतीतल्या खोलीला चार सिमेंटच्या भिंती आणि फरशी आहे. तिथे टाळी वाजवली तर खणखणीत पडसाद येतो; गाद्या-रजया रचलेल्या खोलीत आवाज जागीच विरतो. देवळाच्या सभामंडपात अभंगाची लय आपोआप उतरते, उघड्या मैदानावर तीच चढते. वामनदादांच्या काळी मैदानात कर्ण्यावर गायले गेलेले गीत आणि घरात गुणगुणलेले गीत यांतही हा फरक पडतच असणार. कोणत्याही खोलीचा संस्कार न झालेला गळा ऐकायला मिळतच नाही. प्रोसेसरने खोली निवडायची मुभा दिली, इतकेच.

शंकेखोर : खोली बदलायची तर उठून जावे लागते, आणि गेलेल्याला आपण कुठे आहोत हे ठाऊक असते. पेटीत खोली पायाच्या बोटाने बदलते आणि दहा मिनिटांत ती आपलीच वाटू लागते. म्हणून पहिला अंतरा पूर्ण होईपर्यंत प्रीॲम्प आणि लूपर सोडून सगळे बंद ठेवावे.

हौशी : पहिल्या अंतऱ्यालाच सुचण्याची गरज सर्वांत जास्त असते. अनपेक्षित पडसादाने किंवा चुकीच्या हार्मनीने एखादी ओळ भलत्या जागी वळवली, तर ते वळण तिथेच मिळते. नंतर सगळे चालू करून काय उपयोग? चाल तोवर घट्ट झालेली असते.